दुसरा मोजा

आमच्या डोंगरात माणूस शवपेटीत जातो तो घरात विणलेले नवे मोजे घालून. माझ्या नवऱ्याला, मिलोयेला, कोट चढवून झाला, तेव्हा माझ्या नणंदेने, स्तामेनाने, लोकरीची टोपली पुढ्यात ओढली. मी चुलीपाशी बसून होते. हातातली कॉफी केव्हाच निवली होती.

"वहिनी, एकच मोजा झालाय गं. दुसरा टाचेपर्यंतच आहे."

"हो."

"मी उरकते. तू तोवर रडून घे."

रडू येत नव्हतं. स्तामेनाने सुया हातात घेतल्या.

"किती चिडायचा दादा तुझ्यावर! जेवायला हाक मारली की तुझं ठरलेलं, 'एवढा फेरा पूर्ण करते नि आलेच.' म्हणायचा, हिच्या फेऱ्यापायी देवसुद्धा दारात ताटकळेल."

मी मान हलवली.

"काल गोठ्यात पडला, तेव्हा हाक मारली असेल ना गं त्याने?"

"मारली."

"मग हे तसंच टाकून धावली असशील. फेरा कुठे अर्धा सुटलाय ते दाखव, तिथून उचलते."

"अर्धा नाही," मी म्हणाले. "फेरा पूर्ण आहे."