बायांच्या बाजूचा पडदा

टॉकीजमध्ये कामाला असलेल्या उखर्डूनं दोरी ओढली, पण पडदा हलेना. पुन्हा ओढली. वर तारेवरच्या कड्या नुसत्या खुळखुळल्या. वाकून पाहतो तर मथुराबाई पडद्याचं टोक लुगड्याखाली दाबून ऐसपैस बसलेली.

"मावशी, उठा. जिना आला."

"म्हणूनच बसले."

राज्याची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, पण बुऱ्हाणपुरातल्या या टॉकीजचा, बायांच्या बाजूपुढचा जनानी पडदा काही जागचा गेला नव्हता. दिवे गेले की उघडायचा, दिवे आले की लागायचा, इथवर ठीक. पण या खुनाच्या पिक्चरला पहिल्याच खेळात एका नव्या नवरीला घेरी आली, आणि गावातल्या शहाण्यांनी ठरवून टाकलं, खुनी जिना चढू लागला की बायांचा पडदा लावायचा. पोरीला दिवस गेले होते, हे विचारतंय कोण? ठरवणाऱ्यांत सगळ्यात पुढे मथुराबाईचाच विनायक. त्यानं पिक्चर पाहिलाही नव्हता, आज दुपारी पहिल्यांदा आला होता.

मथुराबाई याआधी दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा तिच्या वाट्याला नुसता बुटांचा आवाज. खुनी कोण ते शेजारणीच्या नवऱ्यानं कधीच सांगून टाकलं होतं, त्याचं तिला काही नव्हतं. तिला तो जिना पाहायचा होता. पिक्चर काढणारा मोठा बिलंदर. अर्धं तोंड उजेडात ठेवायचा, अर्धं अंधारात, आणि माणसाच्या आधी त्याची सावली धाडायचा. असल्या माणसानं जिन्यावर काय करून ठेवलं असेल, या विचारानं तिला घास गोड लागेना.

बायांच्या बाजूला पाय टाकायची उखर्डूला मुभा नव्हती. तो पुरुषांच्या बाजूनं विनायकला उठवून घेऊन आला. विनायक मधल्या फळीवरून वाकला.

"आई, सोड तो पडदा. लोक पाहून राहिले."

"ते तिकडं पाहायला आले ना? मग इकडं कशाला पाहून राहिले?"

"तुला सोसणार नाही."

"तुझा बाप गेला तेव्हा उशाशी मी एकटी होते. तेव्हा नाही कोणी आलं पडदा लावायला."

पिक्चरमधला बाजा थांबला. बूट वाजू लागले.

भिंतीवर आधी कठड्याची सावली लांबली. मग हळूच तिच्यात बोटं मिसळली. माणूस अजून कुठंच नव्हता.

"वा रे पठ्ठ्या," मथुराबाई पुटपुटली.

मागच्या बाया पुढं सरकल्या. घेरी कुणालाच आली नाही. एवढं काय पाहताहेत म्हणून विनायकनं मान वळवली, आणि नेमका तेव्हाच तो चेहरा उजेडात आला. पुरुषांच्या बाजूला कुणीतरी किंचाळलं. विनायकनं आईचा दंड गच्च धरला.

तिनं नजर काढली नाही.

"खाली बस," ती म्हणाली, "मागच्या बायांना दिसत नाही."