एकविसावं डुक्कर

अळी भिंगाखाली वेटोळं घालून पडली होती. एकच. तपासणीच्या बाईंनी डोळा बाजूला घेतला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. अळी जागची हलली नव्हती.

कत्तलखान्याच्या या खोलीत खेपेला वीस डुकरांचं मांस यायचं. प्रत्येकाच्या जिभेच्या मुळाशी कापलेला बोटाच्या पेराएवढा तुकडा. सगळे मिळून मिक्सरला लावायचे, आम्लात विरघळवायचे, चाळणीतून गाळायचे आणि तळाशी बसेल ते भिंगाखाली धरायचं. विसांचा निकाल एकच. अळी निघाली तरच एकेकाला वेगळं बघायचं. धडधाकट जनावराच्या मांसात ही बया वर्षानुवर्षं निजून राहते. जागी होते ती खाणाऱ्याच्या पोटात.

खाली गाडी भरायची थांबली. मॅनेजर वर आला. त्याने आधी बाईंच्या नजरेला नावं ठेवली, मग चष्म्याला, शेवटी स्वतःच्या नशिबाला. एकोणीस वर्षांत बाईंच्या हातून एकही अळी निसटली नव्हती. त्यांनी नवी कोरी भांडी काढली आणि विसांपैकी पहिलं घेतलं.

पहिलं स्वच्छ. सातवंही. दुपार टळली, डबा तसाच राहिला. पेल्यातल्या पाण्यात, भिंतीवरच्या भेगेत, सगळीकडे त्यांना वेटोळंच दिसायला लागलं.

विसावंही स्वच्छ निघालं.

"म्हणजे आभाळातून पडली म्हणायची," मॅनेजर हसला. त्याचा जीव भांड्यात पडला होता. सहीचा कागद आणायला तो खाली पळाला.

बाईंनी सकाळची चाळणी उचलून दिव्यासमोर धरली. जाळीच्या कडेला, पत्र्याच्या दुमडीत मांसाचा एक कण अडकला होता. आजचा असता तर ओला असता. हा वाळून कडक झाला होता. काल नात यायची होती. त्या घाईत चाळणी नुसती विसळली होती, आणि भिंगालाही उभ्या उभ्याच डोळा लावला होता. 'स्वच्छ' असं लिहून खाली सही केली होती.

त्यांनी टाचणीने कण उकरला, भिंगाखाली ठेवला.

तीन वेटोळी.

मॅनेजर कागद घेऊन आला. बाईंनी सही केली. पेन मात्र हातातच राहिलं.

"आजची गाडी जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "कालची कुठवर पोचली असेल?"