तीन पायऱ्या

विवाह नोंदणी कार्यालयाचा रॅम्प गेल्याच महिन्यात तोडला होता. सरकार यंत्रपाय फुकट देऊ लागल्यावर व्हीलचेअर वापरणार कोण? एकटी हेमांगी, तिच्या नसांना यंत्र मानवतच नव्हतं. तीन पायऱ्यांखाली ती सारखी घड्याळ बघत होती. आत धाकट्या बहिणीचं, रेवतीचं लग्न तिच्या साक्षीदाराच्या सहीवाचून अडलं होतं.

"ताई, उचलून नेऊ?" शिपायाने विचारलं.

"मी काय गोणी आहे?"

तेवढ्यात रेवती बाहेर येऊन पायरीवरच बसली. "साहेब, ताईची सही इथंच घ्या!"

निबंधक रजिस्टर घेऊन खटखट उतरले. सही घेताना ओशाळून म्हणाले, "यंत्रपाय लागायच्या आधी मीही त्याच रॅम्पवरून यायचो."

"मग तोडताना गप्प का बसलात?" हेमांगीने विचारलं.

आतून पुढच्या जोडप्याची हाक आली, तरी निबंधकांचा पाय उचलेना.