द्रौपदीचा रंग

"बाबा, पाणी नका लावू. कोरड्या चेहऱ्यावरच चोळायचं," दर्शना म्हणाली. जपानहून सुट्टीवर आलेल्या लेकीने बापासाठी तिकडचं मेकअप उतरवायचं तेल आणलं होतं. आत्माराम दशावतारात द्रौपदी रंगवायचा. नाटक आटोपून तो सकाळी नुकताच घरी आला होता. त्याची बायको शेवंता गेल्यानंतरचा हा पहिलाच खेळ.

त्याने तेल चोळलं, मग चेहऱ्यावर पाणी मारलं. काजळ, लाली, कपाळावरची चंद्रकोर, सगळं दुधाळ पाण्यात मिसळून वाहून गेलं.

"बघा, मिनिटात झालं! आई खोबरेल लावून तासभर पुसत बसायची."

त्या तासाभरात शेवंता त्याची हनुवटी धरून नाटकातल्या चुका काढायची, गावच्या बातम्या सांगायची आणि मध्येच हसून म्हणायची, "माझ्यापेक्षा देखणे दिसता हो!"

दर्शनाने टॉवेल पुढे केला. त्याने तो घेतला नाही. स्वच्छ झालेला चेहरा तसाच वर धरून, डोळे मिटून तो पाटावर बसून राहिला.

"बाबा, झालं. उठा आता."

"एवढ्या लवकर उठून करू काय, बाय?"