चौथा राक्षस

तारकर्लीच्या भाई मास्तरांकडे १९८४ साली एक जर्मन संगीतकार महिनाभर राहून गेला. भातगिरणीची खडखड, होडी बांधणाऱ्या सुतारांची ठोकठोक, कानावर पडेल ते तो टेपमध्ये भरून घ्यायचा. वर्षभराने त्याच्या नव्या अल्बमची कॅसेट पोस्टाने आली, तेव्हा मास्तरांनी अर्धी वाडी पडवीत जमवली आणि बायकोला, लीलाला, चहा टाकायला सांगितलं.

कॅसेटमध्ये यंत्रांचा नुसता गदारोळ, आणि मध्येच अंगावर काटा आणणारी डरकाळी.

"जुन्या पिक्चरांतले राक्षस उचलून मधी मधी घातले आसत," सोबतची चिठ्ठी नाचवत मास्तर म्हणाले. "हेका म्हणतत कला! तुमका दशावताराच्या पलीकडे काय कळतला?"

तीन राक्षस ओरडून गेले. चौथा गिरणीच्या खडखडाटावर गरजला, "लीला! माझी चाय खंय आसा? कान फुटले काय गो तुझे?"

कोणी हसेना, कोणी मास्तरांकडे बघेना. मास्तरांना बंद करायचं बटण सापडेना.

 

लीलाने चहाचा ट्रे शांतपणे खाली ठेवला. "ह्या पिक्चरात माका बारा वर्सां झाली."