मिलेटसची चौकशी

दिपिकाला उत्खननासाठी वर्षभर मिलेटसला बोलावणं आलं. पण गावाची चौकशी केल्याशिवाय पोरगी पाठवायची नाही, ही पनवेलच्या काळूरामांच्या घरातली पद्धत. थोरल्या दोघी अशाच चौकशीनंतर सासरी गेल्या होत्या. काळूराम मांडी घालून बसले.

"गाव कुठं आलं?"

"आता तुर्कस्तानात, बाबा. पूर्वी ग्रीकांचं होतं. मोठं बंदर होतं तिथं."

"रस्ते?"

"सरळ, चौकोनी आखलेले."

"म्हंजे खांदा कॉलनीसारखे. मानसं कशी हायेत?"

दिपिका अडखळली. "माणसं नाहीत, बाबा. नदीच्या गाळानं बंदर बुजलं, समुद्र लांब गेला. मग माणसंही हळूहळू निघून गेली."

आता बाबा नाहीच म्हणणार, असं धरून दिपिकानं हातातला पासपोर्ट पर्समध्ये परत ठेवला. काळूरामांच्या वडिलांचा मचवा एकेकाळी पनवेलच्या बंदराला लागायचा. तेही बंदर गाळानंच बुजलं होतं.

"आपलं बंदरबी बुजलं," ते म्हणाले, "पन आपन अजून हितंच हाय ना? जा तू. त्यांचं काय चुकलं ते नीट बघून ये."

मग दिपिकाच्या लग्नाचं काय झालं म्हणून रोज विचारणाऱ्या आपल्या धाकट्या बहिणीला त्यांनी स्वतःहून फोन लावला.

"कृष्णे, दिपीचं ठरलं. गाव आपल्यासारखंच, बंदराचं. रस्ते सरळ. आन मुख्य म्हंजे, सासरचं कोनी हयातच नाय!"