नवी मॅट

करिश्मा आमच्या कबड्डी संघाची कॅप्टन. मुरमाड मैदानावर पोरींचे गुडघे सोलून निघायचे, म्हणून नगरपंचायतीत चकरा मारमारून मी खेळाचा हॉल मंजूर करून घेतला. हॉल झाला, मऊ मॅट आली, नारळ फुटला आणि दाराला कुलूप लागलं.

"पोरींच्या उड्यांनी मॅट खराब हुईल, सर. जरा दमानं घ्या," नगराध्यक्ष म्हणाले.

पोरी बाहेर मुरमातच खेळत राहिल्या. हॉल मात्र लग्नाला भाड्यानं मिळू लागला.

परवा करिश्माचंही लग्न तिथंच झालं. उमरग्याहून वऱ्हाड आलं होतं. पंगत थेट मॅटवर बसवलेली. मधल्या रेषेवर वरण सांडलेलं, कोपऱ्यात पानाची पिचकारी, आणि नगराध्यक्ष जिलबीचं ताट घेऊन आग्रह करत फिरतायत. मी ताट बाजूला सारलं.

तेवढ्यात नवरा-नवरी पंगतीत वाढायला आले. करिश्मा माझ्यापुढं थांबली. अनवाणी पायानं तिनं मॅट हळूच दाबून बघितली.

"लई मऊ हाय की हो, सर. हितं पडलं तरी गुडघं फुटलं नसतं."